विश्लेषण : पुतळा किती फुटी, हे सगळे विचारतात, तो आतून कशावर उभा आहे?

टेंभुर्णी (जि. जालना) : गावात पुतळा बसवायचा ठरले, की पारावरच्या बैठकीत पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती फुटी? शेजारच्या गावात ९ फुटी असेल तर आपला ११ फुटी. दुसरा प्रश्न वर्गणीचा. तिसरा उद्घाटनाला कोण येणार याचा. पुतळ्याच्या पोटात काय असेल, हा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीपासून मुंबईच्या मंत्रालयापर्यंत सगळीकडे हे सारखेच. मालवणात २०२४ मध्ये जे घडले, त्याची मुळे याच न विचारलेल्या प्रश्नात आहेत.

मालवणात नेमके काय झाले होते?

राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांच्या सुमारे ३५ फुटी पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते झाले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. चबुतऱ्यावर पावले तेवढी उरली होती, ते फोटो महाराष्ट्रात कोणी विसरलेले नाही.

तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी त्या वेळी ताशी ४५ किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा उल्लेख केला. सार्वजनिक बांधकाम विभागाने मात्र २० ऑगस्टलाच, म्हणजे सहा दिवस आधी, पुतळ्याचे नटबोल्ट गंजत असल्याचे पत्र नौदलाला दिले होते. पुढे चौकशी समितीच्या अहवालातून गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग ही कारणे समोर आली.

आणखी एक गोष्ट तेव्हाच्या गदारोळात थोडी मागे पडली. कला संचालनालयाच्या तत्कालीन संचालकांनी माध्यमांना सांगितले होते, की त्यांच्याकडे मंजुरीसाठी आलेले मातीचे मॉडेल ६ फुटांचे होते. प्रत्यक्ष पुतळा ३५ फुटी होणार हे त्यांना कळवलेले नव्हते. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका तपशील हाच आहे.

६ फुटांचा ३५ फुटी केला तर काय बिघडते?

दिसायला काहीच नाही. चेहरा तोच, ऐट तीच. गणित मात्र पूर्ण बदलते. उंची सुमारे पावणेसहा पट झाली, तर वाऱ्याला आडवे येणारे क्षेत्रफळ ३४ पट होते. वारा हा भार आता पावणेसहा पट उंचीवरून ढकलत असतो. म्हणून पायाशी पुतळा उलथवू पाहणारा जोर होतो जवळपास १९८ पट. पत्र्याची जाडी काही त्या प्रमाणात वाढवली जात नाही. म्हणजे मोठा पुतळा ही लहान पुतळ्याची मोठी प्रत नसते. तो घोट्यापासून नव्याने डिझाइन करावा लागतो.

घोट्यापासूनच, कारण माणसाच्या आकृतीत तीच जागा सगळ्यात बारीक आणि तिथेच सगळ्यात जास्त ताण. इमारत खाली रुंद असते, टॉवर खाली रुंद असतो. माणूस मात्र छातीत रुंद आणि पायात निमुळता. गुजरातमधल्या १८२ मीटर उंच सरदार पटेलांच्या पुतळ्यात अभियंत्यांना हीच अडचण आली. धोतर नेसलेली, चालण्याच्या पवित्र्यातली आकृती आणि दोन पावलांमध्ये ६.४ मीटरची फट. उपाय म्हणून आत काँक्रीटचे दोन उभे गाभे घेतले आणि वाऱ्याने होणारे हेलकावे शोषायला प्रत्येकी २५० टनांचे दोन डँपर टांगले. बाहेर दिसते ते ब्राँझ सुमारे १,७०० टन आहे, पण भार पेलण्यात त्याचा वाटा नाही. ते कपडे आहेत.

घोडेस्वाराचा पुतळा करताना पंचाईत आणखी वाढते. घोडा पुढचे दोन पाय उचलून उभा असेल, तर सगळे वजन मागच्या दोन बारीक पायांवर. म्हणून जगभरचे शिल्पकार शेपटी जमिनीला टेकवून तिसरा पाय तयार करतात. पुढच्या वेळी चौकातून जाताना शेपटीकडे बघा.

मग ४५ किलोमीटरचा वारा जास्त की कमी?

इथे आकडेमोड करून बघू. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ४५ किलोमीटर वेगाला दर चौरस मीटरवर साधारण साडेनऊ किलो भार येतो. वाऱ्याच्या भाराविषयीचे भारतीय मानक, आयएस ८७५ भाग ३, छत्रपती संभाजीनगरसाठी मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरायला सांगते. म्हणजे ताशी १४० किलोमीटर. त्याचा दाब होतो चौरस मीटरला ९३ किलोच्या आसपास. उंची आणि मोकळ्या माळाचे गुणक वेगळेच. थोडक्यात, समुद्रापासून इतक्या दूर मराठवाड्यात पुतळा उभा करायचा असला तरी ४५ च्या वाऱ्यापेक्षा जवळपास दहापट दाब गृहीत धरावा लागतो. ४५ च्या वाऱ्यात आपल्याकडे शेडचे पत्रेही उडत नाहीत, नीट ठोकलेले असतील तर.

लोखंड तर जालन्यातच आहे...

हे वाक्य आपल्या जिल्ह्यात हमखास ऐकू येते आणि त्यात अभिमान रास्त आहे. जालन्याच्या भट्ट्यांमध्ये भंगार वितळवून बिलेट होतात, रोलिंग मिलमधून त्यांचे गज निघतात आणि राज्यभर जातात. पण बांधकामाचा गज आणि पुतळ्याच्या सांगाड्याचे पोलाद या एकच गोष्टी नाहीत. गज काँक्रीटच्या आत असतो, तिथला अल्कधर्मी थर त्याला गंजण्यापासून वाचवतो. पुतळ्याच्या पोकळीत तोच उघडा पडतो. शिवणींतून पावसाचे पाणी आत जाते, दिवसा आत भट्टीसारखी उष्णता आणि पहाटे दव. बाहेरून हार घालतोय तो पुतळा आतून गंजत असतो आणि कळत नाही.

स्टेनलेस स्टील गंजत नाही, हाही अर्धाच समज. त्यातल्या क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अतिपातळ थर तयार होतो, तो ढालीचे काम करतो. ३०४ ग्रेडमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. समुद्राच्या खाऱ्या हवेतले क्लोराइड ती ढाल भेदते, म्हणून किनाऱ्यावर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेले ३१६ वापरतात. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाजवळची ढाल कमजोर होते. तिथे नंतर रासायनिक सफाई लागते. आणि साध्या लोखंडावर चालवलेलेच ग्राइंडरचे चाक स्टेनलेसवर चालवले, तर लोखंडाचे कण त्यात रुतून बसतात आणि काही महिन्यांत तांबूस ठिपके उमटतात. फॅब्रिकेशनच्या कुठल्याही शेडमध्ये हे रोज घडते. किचनच्या रॅकला चालून जाते.

दोन धातू एकत्र आले की काय होते?

भांडण. ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले, की छोटी बॅटरी तयार होते आणि त्यातला दुबळा धातू झिजू लागतो. तांबे किंवा ब्राँझ आणि लोखंड यांच्यात झिजते ते लोखंड.

न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ चा. तांब्याचा पत्रा जेमतेम २.४ मिलिमीटर, आतला लोखंडी सांगाडा गुस्ताव्ह आयफेल यांचा, ज्यांचे नाव पॅरिसच्या मनोऱ्याला आहे. तांबे आणि लोखंड यांचा स्पर्श होऊ नये म्हणून मध्ये अस्तर घातले होते. ते कालांतराने निकामी झाले, लोखंडी पट्ट्या गंजून फुगल्या आणि तांब्याच्या पत्र्यातले रिव्हेट उपटून आले. १९८४ ते १९८६ या काळात त्या पट्ट्या बदलून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या गेल्या.

तापण्याचा मुद्दाही लहान नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात धातूचा पुतळा पहाटेपेक्षा दुपारी ४० अंशांनी अधिक तापू शकतो. ६० फुटी ब्राँझ एवढ्याने सुमारे १३ मिलिमीटर वाढते. साधे पोलाद ९ पेक्षाही कमी. दोन्ही घट्ट जखडून टाकली, तर हा फरक रोज वेल्डिंगवर निघतो. ३०४ स्टेनलेस मात्र ब्राँझच्या जवळपास तेवढेच प्रसरण पावते, हे त्याचे दुसरे मोठे कारण.

मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचे शिकागोतले ‘क्लाउड गेट’ याच प्रश्नाचे सुंदर उत्तर आहे. २००६ मध्ये पूर्ण झालेले, १६८ स्टेनलेस पत्र्यांचे, सुमारे १०० टनांचे हे शिल्प. जोड घासून इतके गुळगुळीत केले आहेत की आख्ख्या शहराचे प्रतिबिंब त्यात अखंड दिसते. आतल्या सांगाड्याला पत्रे लवचीक जोडांनी टांगलेले आहेत, म्हणून थंडी-उन्हात ते आक्रसतात आणि फुगतात, फाटत नाहीत. आरशासारखे दिसावे ही कलावंताची कल्पना, आणि ती टिकली जोडांमुळे. कल्पना आणि साहित्य वेगळे काढताच येत नाही, ते इथे.

अजिंठा-वेरूळला असा सांगाडा का लागला नाही?

कारण ती शिल्पे उभी केलेली नाहीत, डोंगरातून मोकळी केलेली आहेत. कैलास लेणे वरून खाली कोरत आणले. दगड दाबाखाली भक्कम, ताणाखाली दुबळा. म्हणून जुन्या मूर्तींचे पसरलेले हात आणि नाकेच आधी तुटलेली दिसतात.

विशेष म्हणजे, पटेलांचा पुतळा घडवणारे राम सुतार मूळचे धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे आणि १९५० च्या दशकात पुरातत्त्व विभागात अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या डागडुजीवर काम केलेले. गांधीसागर धरणावरची ४५ फुटी चंबळ देवी त्यांनी कोरून काढली. पटेलांसाठी आधी ३, मग १८, मग ३० फुटी मॉडेल केले आणि त्यावरून संगणकावर मोठे रूप बेतले गेले. म्हणजे एकाच माणसाच्या आयुष्यात छिन्नी ते स्कॅनर. मालवणात आता उभा असलेला, ११ मे २०२५ रोजी अनावरण झालेला ६० फुटी ब्राँझ पुतळाही त्यांच्याच कार्यशाळेतला.

गावाच्या पुतळ्याने काय करायचे?

११ फुटी पुतळ्याला डँपर लागत नाही. पण साहित्य निवडताना फसगत होते. पिवळसर धातू दिसला की ‘पंचधातू’ म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. पटेलांच्या पुतळ्यातले ब्राँझ म्हणजे ८५ टक्के तांबे आणि कथील, जस्त, शिसे प्रत्येकी ५ टक्के. तेव्हा ‘पंचधातू’ या शब्दावर पैसे देऊ नयेत. मिश्रधातूचा तपासणी अहवाल मागावा. फायबर स्वस्त आणि हलके, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याची वरची कातडी काही वर्षांत पांढुरकी, भुकटीसारखी होते. सिमेंटच्या जुन्या पुतळ्यांत आतली सळई गंजली की फुगते आणि तडा बाहेर येतो. तो रंगाने बुजवणे ही वार्षिक परंपरा. दर जयंतीला.

परवानगीची चौकटही आहे. राज्य शासनाने २ मे २०१७ रोजी पुतळ्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मातीच्या मॉडेलला कला संचालनालयाची मान्यता लागते. मॉडेल बघितले जाते ते मुख्यतः चेहऱ्याच्या साम्यासाठी आणि शिल्प म्हणून. सांगाड्याचे नकाशे ही वेगळी गोष्ट, ती स्ट्रक्चरल इंजिनिअरची.

म्हणून करारात चार ओळी जास्त लिहून घ्याव्यात : सांगाडा कोणत्या ग्रेडचा, वाऱ्याचा वेग किती धरला, वेल्डिंग कोणी तपासले, आणि आत उतरून बघायला झाकण कुठे आहे. शेवटची ओळ ऐकून ठेकेदार हसेल. तळाला पाणी निघून जायला भोके आहेत का, हेही तेव्हाच विचारून घ्यावे. चबुतरा ओतून झाल्यावर ती पाडता येत नाहीत.