रुग्णालय बांधण्यापूर्वीं



एखाद्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाची कोनशिला बसविली जाते, तेव्हां आपणां सर्वांनाच आनंद होतो. भाषणें होतात, खाटांचे आंकडे सांगितले जातात आणि दोन-तीन वर्षांत काम पुरें होईल असें आश्वासन मिळतें. पुढें मात्र पुष्कळ वेळां वर्षामागून वर्ष जातें, परांच्या तशाच उभ्या राहतात आणि रोगी जुन्याच इमारतींत दाटीवाटीनें पडून असतात. असें कां व्हावें, याचा विचार दोन उदाहरणांच्या साहाय्यानें करण्याचें मीं योजिलें आहे.

पहिलें उदाहरण क्रिमियाच्या युद्धांतील. स्कुटारीच्या बराकींत ब्रिटिश सैनिक जखमांपेक्षां रोगांनींच अधिक मरत होते. १८५५ च्या फेब्रुवारींत युद्धखात्यानें प्रसिद्ध इंजिनीयर इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल यांना एक हजार रोग्यांसाठीं रुग्णालयाचा आराखडा करण्यास सांगितलें. जागा कोणती, जमीन सपाट कीं उतरती, हेंहि तेव्हां ठरलेलें नव्हतें. म्हणून ब्रुनेल यांनीं प्रथम सबंध इमारतीचा विचार न करतां तिच्या एका घटकाचा विचार केला. सुमारें पन्नास खाटांची एक लांकडी कोठी. तिला स्वतःचें स्नानगृह, शौचकूप, परिचारिकेची खोली आणि हवा आंत लोटणारा पंखा. अशा कोठ्या एका लांब आच्छादित वाटेच्या कडेनें हव्या तितक्या लावीत जावयाच्या. आगीच्या भयास्तव स्वयंपाकघर व धोबीखाना लोखंडी आणि निराळा. प्रत्येक जहाजावर कांहीं कोठ्यांचें सर्व सामान, नळ व मोऱ्या यांसह, एकत्र भरावयाचें. म्हणजे एक जहाज मागें राहिलें तरी दुसऱ्याचें काम अडूं नये!

डार्डनेल्सच्या कांठीं रेंकिऑय येथें हें रुग्णालय उभें राहिलें आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत तेथें रोगी येऊं लागले. सुमारें तेराशें रोग्यांपैकीं पन्नासच्या आसपास दगावले. युद्धाचा जोर तोंपर्यंत ओसरला होता, तेव्हां सारें श्रेय इमारतीला देणें उचित होणार नाहीं. परंतु आठ महिन्यांत एवढें काम झालें, तें घाईमुळें नव्हे, तर आधीं केलेल्या बारीक विचारामुळें झालें.

आतां दुसरी बाजू पाहा. इंग्लंडांतील लिव्हरपूल शहरीं रॉयल लिव्हरपूल रुग्णालयाच्या नव्या इमारतीचें काम २०१४ सालीं सुरू झालें; तें २०१७ सालीं संपावयाचें होतें. भांडवल खाजगी, बांधकाम कॅरिलियन या बड्या कंपनीचें, आणि सार्वजनिक संस्थेनें पुढें वर्षानुवर्षें हप्ते द्यावयाचे, असा तो करार होता. २०१८ च्या जानेवारींत कंपनीच कोसळली. काम थांबलें. मग तपासणींत रचनेचे गंभीर दोष आढळले. बाहेरचें आवरणहि अग्निसुरक्षेच्या कसोटीस उतरलें नाहीं. पुरे झालेले भाग पुन्हां उघडून बळकट करावे लागले. अखेर इमारत उघडली ती २०२२ च्या ऑक्टोबरांत. ब्रिटनच्या सरकारी हिशेबतपासनिसांनीं असें दाखविलें आहे कीं, कंपनीनें किंमतच फार कमी लावली होती, आणि वाढीव खर्चाचा मोठा बोजा कंपनीवर व खाजगी गुंतवणूकदारांवर पडला.

तर मग जनतेचें काय गेलें, असें कोणी विचारील. पांच वर्षें गेलीं! पैशाचा धोका कराराच्या कागदावर दुसऱ्याच्या माथीं मारतां येतो. रोग्याचें वाट पाहणें कोणाच्याहि माथीं मारतां येत नाहीं.

रुग्णालय हें कांहीं नुसतें घर नव्हे. भिंतींच्या आंतून प्राणवायूच्या नळ्या जातात, क्ष-किरणांच्या खोलीस शिशाचें संरक्षण लागतें, शस्त्रक्रियागृहाची हवा निराळी शुद्ध करावी लागते, आणि वीज क्षणभरहि जाऊन चालत नाहीं. म्हणून डॉक्टर व परिचारिका यांचें मत नकाशा होत असतांनाच घेतलें पाहिजे. कागदावरील चूक रबरानें पुसतां येते. भिंतींतील चुकीला छिन्नी लागते. तसेंच, सर्वांत कमी रकमेचें कंत्राट सर्वांत स्वस्त असतेंच असें नाहीं. काम झांकलें जाण्यापूर्वीं तें पाहणारा जाणता इंजिनीयर सार्वजनिक संस्थेच्या स्वतःच्या पदरीं हवा. आणि शेवटचा गवंडी गेल्यावरहि पाणी, हवा, वीज यांची परीक्षा घेण्यास व नोकरवर्गास सराव देण्यास अवधि राखून ठेवला पाहिजे.

यापुढें कोनशिलेच्या समारंभास गेलांत, तर टाळ्या अवश्य वाजवा. पण नकाशा पुरा झाला आहे काय, कामावर देखरेख कोणाची, आणि कंत्राटदार बुडाला तर काम कोण पुरें करणार, हे तीन प्रश्नहि विचारा. त्यांचीं उत्तरें मिळालीं, म्हणजे रुग्णालयाचा पाया खरोखर घातला गेला असें समजावें.