शीत, भात आणि तीन हजार टॉवेल



आपल्यातले काही जण नोकरी सांभाळून भारतातून थोडाफार माल मागवू लागले आहेत. त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो. "कारखानदार म्हणतो इन्स्पेक्शन झालं, १२५ नग तपासले, पास आहे, पैसे पाठवा. अहो, तीन हजारांतले १२५ बघून काय कळणार?" कंटेनर एकदा बोटीवर चढला की माल परत करणे जवळपास अशक्य, त्यामुळे शंका रास्तच आहे.

१२५ हा आकडा कारखानदाराच्या मनाचा नाही. अमेरिकेत बेल टेलिफोन लॅबोरेटरीजमध्ये हॅरॉल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी १९२०च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. पुढे लष्करी खरेदीसाठी तक्ते तयार झाले आणि १९५० मध्ये 'मिल-स्टँडर्ड-१०५' आले. तेच तक्ते आज आयएसओ २८५९ मध्ये आहेत, भारतात आयएस २५०० मध्ये.

समजा सोलापूरहून ३००० टेरी टॉवेल मागवले. १२०१ ते ३२०० नगांच्या लॉटला नेहमीच्या (लेव्हल दोन) तपासणीत १२५ नग काढतात. भोक, उसवलेली शिवण, जाणारा रंग हे मोठे दोष. त्यांना सहसा एक्यूएल २.५ लावतात: ७ दोषी नग निघेपर्यंत लॉट पास, ८ निघाले की नापास. लोंबणारा धागा वगैरे किरकोळ दोषांना एक्यूएल ४, म्हणजे १० पर्यंत पास, ११ ला नापास.

आता खरी गोम. एक्यूएल २.५ म्हणजे "अडीच टक्क्यांहून जास्त खराब माल येणार नाही" अशी हमी नव्हे! गणित करून पाहा. लॉटमध्ये ५ टक्के टॉवेल खराब असले, तरी तो शंभरातल्या सुमारे ७० वेळा पास होतो. १० टक्के खराब असले तर मात्र जेमतेम ६-७ वेळा. म्हणजे ही चाळणी फार वाईट माल अडवते, मध्यम वाईट माल बराचसा सोडते. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून पुढे भांडणे होतात.

टॉवेलमध्ये राहिलेले सुईचे तुटके टोक हा तर गंभीर दोष, तिथे शून्यच चालते. पण १२५ नगांत शून्य निघाले म्हणजे लॉटमध्ये शून्य आहे असे नाही. शंभरात एका टॉवेलमध्ये सुई असली तरी १२५ नगांत एकही न सापडण्याची शक्यता साधारण २८ टक्के आहे. म्हणून सुईसाठी नमुना नको, प्रत्येक नग मेटल डिटेक्टरमधून गेला पाहिजे.

"सरसकट दहा टक्के तपासा" हा सल्लाही चुकीचा. शंभर नगांतले दहा फारच कमी, आणि दहा हजारांतले हजार उगाच जास्त. तक्ता तिथे २०० च सांगतो. आमटीची चव बघायला पंगतीच्या पातेल्यातूनही एकच चमचा लागतो.

मात्र आमटी ढवळलेली हवी. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळा भात एकाच पाण्यात शिजलेला असतो. गोडाऊनमधली खोकी तशी नसतात. एका परिचितांच्या मालात दाराजवळची खोकी कारखान्याच्याच माणसाने काढून दिली होती. ती उत्तम निघाली, मागची विचारू नका. म्हणून खोकी कुठली उघडायची हे तपासनिसाने ठरवायचे. रूढ अंदाज खोक्यांच्या संख्येच्या वर्गमुळाचा: ५० खोकी असतील तर आठ, तीही वरची, खालची, मधली, मागची. आणि तपासणी सगळा माल तयार होऊन निदान ८० टक्के पॅक झाल्यावरच.

एक्यूएल किती, कोणता दोष मोठा, नापास झाल्यास फेरतपासणीचा खर्च कुणाचा, हे ऑर्डर देतानाच लिहून घ्या. शिल्लक रक्कम अहवाल हातात आल्यावर पाठवायची, ही अटही त्याच कागदावर असू द्या.