आखाती देशांचे घड्याळ : दीड तास की अडीच तास?

आखाती देशांशी देवघेव करणारे आपले अनेक व्यापारी बांधव ‘तिकडची वेळ आपल्यापेक्षा दीड तास मागे’ असे सरसकट धरून चालतात. हे अर्धेच खरे आहे. आखातात वेळेचे दोन विभाग आहेत आणि माल कोणत्या देशात जातो, त्यावर हिशेब बदलतो.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश. या हिशेबाने ६० पूर्व रेखांशाची वेळ ग्रीनिचच्या ४ तास पुढे आणि ४५ पूर्व रेखांशाची ३ तास पुढे असते. दुबई, अबुधाबी, मस्कत ही शहरे ६० अंशांना जवळची. म्हणून संयुक्त अरब अमिरात व ओमान यांनी पहिली वेळ स्वीकारली आहे. सौदी अरेबिया, कुवेत, बहारीन व कतार यांची वेळ दुसरी. आपली भारतीय वेळ साडेब्याऐंशी अंशांची, ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. म्हणून दुबई-मस्कत आपल्या दीड तास मागे, तर जेद्दा, रियाध, कुवेत, मनामा व दोहा अडीच तास मागे.

आपल्याकडे सायंकाळचे ६ वाजले की दुबईत साडेचार आणि जेद्दात साडेतीन वाजलेले असतात. तेथील कचेरी सकाळी ९ वाजता उघडत असेल, तर दुबईला आपल्या साडेदहानंतर आणि रियाधला साडेअकरानंतर फोन करावा. इंग्लंडप्रमाणे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची पद्धत या सहा देशांत नाही. त्यामुळे हा फरक बारा महिने सारखाच राहतो.

घड्याळाइतकेच महत्त्व सुटीच्या वाराला आहे. सौदी अरेबिया व ओमानने २०१३ मध्ये गुरुवार-शुक्रवारची सुटी बदलून शुक्रवार-शनिवार केली. कुवेत, कतार व बहारीनमध्येही हीच सुटी आहे. अमिरातीच्या सरकारी कचेऱ्यांना मात्र २०२२ पासून शनिवार-रविवार सुटी असून जुम्म्याच्या दिवशी दुपारपर्यंतच काम चालते. शारजाच्या सरकारी कचेऱ्या तर शुक्रवार ते रविवार बंद असतात. आपला रविवार धरला, तर सौदी व्यापाऱ्याशी पूर्ण कामाचे सोमवार ते गुरुवार हे चारच दिवस उरतात. रमजानमध्ये तेथील कामाचे तासही कमी होतात.

खरा पैशाचा प्रश्न पतपत्राचा, म्हणजे एल.सी.चा आहे. त्यावर मुदतीच्या तारखेबरोबर मुदत कोठे संपते ते ठिकाणही लिहिलेले असते. ठिकाण भारत असेल, तर इथल्या बँकेचे तास मोजावेत. ठिकाण दुबई असेल, तर कागद त्या दिवशी तेथील बँक बंद होण्यापूर्वी तेथे पोहोचले पाहिजेत; येथून कुरिअरने रवाना केले एवढ्याने भागत नाही. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे यूसीपी ६०० हे नियम २००७ पासून लागू आहेत. त्यांनुसार कामाच्या तासांबाहेर आलेले कागद घेण्यास बँक बांधील नाही. शेवटचा दिवस बँकेच्या सुटीचा निघाला, तर कागद पुढच्या कामाच्या दिवशी देता येतात. पण माल जहाजावर चढवण्याची शेवटची तारीख सुटीमुळे पुढे सरकत नाही. इथे एका दिवसाची चूक झाली, तरी तयार माल असूनही रक्कम अडकू शकते.

विमानाच्या तिकिटावर निघण्याची व पोहोचण्याची वेळ त्या त्या गावची असते. मुंबईहून पहाटे ४ ला निघालेले विमान दुबईत साडेपाचला उतरले, तर प्रवास दीड नव्हे, तीन तासांचा झाला. मध्यरात्रीनंतर तारीखही वेगळी असते. आपल्याकडे पहिल्या तारखेचे पाऊण वाजले असताना दुबईत आदल्या तारखेचे सव्वाअकराच झालेले असतात.

नमाजच्या वेळा मात्र सूर्यावर ठरतात. अमिरातीत घड्याळ एकच असले, तरी पूर्वेच्या फुजैरात मगरीब अबुधाबीच्या काही मिनिटे आधी होते. व्यवहाराच्या वेळेसाठी देशाचे घड्याळ आणि इबादतीसाठी त्या गावचे वेळापत्रक पाहावे.

सौदा लिहिताना वेळेपुढे ‘भारतीय वेळ’, ‘दुबई वेळ’ किंवा ‘सौदी वेळ’ असे स्पष्ट लिहावे. या दोन शब्दांनी पुढचे बरेच वाद टळतात.