बेलग्रेडहून आलेला फोन

ऑगस्ट १९४६. युगोस्लाव लढाऊ विमानांनी आधी एका अमेरिकी लष्करी विमानाला खाली उतरायला भाग पाडले. दहा दिवसांनी दुसरे पाडलेच. त्यातले पाचही जण मेले. मार्शल टिटोंचा युगोस्लाविया तेव्हा स्टालिनचा सर्वांत कडवा चेला मानला जाई. युद्धकाळात अमेरिकेत ठेवलेले त्याचे सुमारे ४ कोटी ७० लाख डॉलरचे सोनेही वॉशिंग्टनने अडकवून ठेवले होते.

२८ जून १९४८ रोजी कॉमिन्फॉर्मने, म्हणजे मॉस्कोच्या तंत्राने चालणाऱ्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेने, टिटोंच्या पक्षाला वाळीत टाकले आणि सारेच फिरले. दोनच दिवसांत अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या नियोजन विभागाने एक टिपण तयार केले. विभागप्रमुख होते जॉर्ज केनन, म्हणजे सोव्हिएत विस्ताराला बांध घालण्याच्या धोरणाचे जनक. टिपणाचा आशय असा : टिटो कम्युनिस्टच राहणार, त्यांची राजवट आपल्याला रुचणारी नाही, पण ते मॉस्कोचे मिंधे नसतील तर संबंध सुधारू शकतात. लगेच गळ्यात पडू नये, झिडकारूही नये. शीतयुद्धातला इतका शहाणा अमेरिकी कागद मला दुसरा दिसत नाही.

जुलैमध्ये सोने मोकळे झाले. राष्ट्रीयीकरण झालेली अमेरिकी मालमत्ता आणि इतर दावे यांपोटी युगोस्लावियाने १ कोटी ७० लाख डॉलर मान्य केले. १९४९ मध्ये २ कोटींचे कर्ज मिळाले. १९५० च्या उन्हाळ्यात दुष्काळाने पिके करपली, तेव्हा अमेरिकी काँग्रेसने ५ कोटी डॉलरची मदत मंजूर केली आणि १९५१ मध्ये लष्करी मदतीचा करार झाला. टिटोंनी समाजवाद सोडावा, अशी अट कुठेही नव्हती. अमेरिकेच्या पीएल-४८० या अन्नमदतीचा गहू आणि तांबडी मिलो रेशनवर घेतलेल्या मराठी पिढीला या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको. १९६५ नंतर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन आपल्याला धान्य थोडे थोडे करून सोडत होते. देणाऱ्याने लगाम हातात धरला की भाकरी कशी लागते, हे आपण अनुभवले आहे.

राष्ट्राध्यक्ष केनेडींनी १९६१ मध्ये केननना राजदूत म्हणून बेलग्रेडला पाठवले. त्याच सप्टेंबरात तिथे अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद भरली. २५ देश आले. परिषदेच्या तोंडावरच सोव्हिएत संघाने अणुचाचण्या पुन्हा सुरू केल्या आणि टिटोंनी त्यामागची कारणे आपण समजू शकतो, असे सांगितले. केनन दुखावले. तरीही संबंध तोडण्याचे कारण त्यांना त्यात दिसले नाही. अलिप्त माणूस कधी तरी समोरच्याच्या बाजूने बोलणार, हे गृहीतच धरायला हवे होते.

काँग्रेसला ते पटले नाही. १९६२ मध्ये युगोस्लाविया आणि पोलंड यांचा ‘सर्वाधिक पसंतीचा देश’ हा कमी आयातशुल्काचा व्यापारी दर्जा काढून घेण्याचे घाटू लागले. युगोस्लावियाच्या बाबतीत या दर्जाचा आधार होता सर्बियाशी १८८१ मध्ये झालेला करार, टिटोंच्या जन्माआधीचा! डॉलरमधले कर्ज फेडायचे तर माल अमेरिकेत विकायला हवा आणि तीच वाट बंद होणार होती. केनननी बेलग्रेडहून थेट केनेडींना फोन लावला. केनेडींनी तो प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांच्याकडे जोडून दिला. मिल्स बधले नाहीत. राष्ट्राध्यक्षाची सहानुभूती आणि अमेरिकेचा सर्वांत जाणता मुत्सद्दी, दोन्ही मिळूनही एका समितीपुढे हतबल ठरले. ही चूक टिटोंची नव्हती. मदतीच्या बदल्यात आज्ञापालन मागणाऱ्या काँग्रेसची होती.

१९६३ च्या उन्हाळ्यात केनन पद सोडून प्रिन्स्टनला परतले. १७ ऑक्टोबरला टिटो व्हाइट हाउसमध्ये केनेडींना भेटले. निदर्शनांच्या भीतीने त्यांचा मुक्काम राजधानीत न ठेवता विल्यम्सबर्गला ठेवला होता. पुढच्याच महिन्यात केनेडींची हत्या झाली. युगोस्लावियाला तो व्यापारी दर्जा देण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला देणाऱ्या कायद्यावर डिसेंबरमध्ये सही झाली, ती जॉन्सन यांची.