मॅट उचलून बघितलीय का?

पावसाळी ट्रिपवरून आल्यावर गाडीच्या बाहेरचा चिखल कसला भारी दिसतो! दारावर उडालेले लाल शिंतोडे, चाकांच्या खाचांत अडकलेलं गवत. फोटो काढतो, स्टोरी टाकतो. पण तोच चिखल आपल्या बुटांना लागून गाडीच्या आत येतो, मॅटखाली जाऊन बसतो आणि तिथेच राहतो. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

माझा आतेभाऊ कोल्हापूरचा. त्याच्याकडे जुनी, म्हणजे 2020 च्या आधीच्या मॉडेलची थार आहे. सेकंडहँड घेतलेली. गगनबावडा, राधानगरी हा त्याचा दर वीकेंडचा रूट. तुमच्यापैकी ज्यांनी जुलैतला गगनबावडा बघितलाय, त्यांना पाऊस काय चीज आहे ते सांगायला नको. त्यात थारचं कापडी छप्पर. पाणी वरूनही यायचं, दारांच्या फटीतूनही यायचं. गेल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये मी त्याच्याकडे गेले होते. ड्रायव्हरच्या बाजूची रबरी मॅट उचलली तर खाली काळ्या रंगाचे पापुद्रे. दादाने एका पापुद्र्यावर स्क्रू ड्रायव्हर टेकवला, जरासा दाबला आणि तो आरपार खाली गेला. भोकातून आम्हाला पार्किंगमधली फरशी दिसली.

यातली गंमत म्हणजे (तेव्हा गंमत वाटली नव्हती) त्या फ्लोअरला आम्ही स्वतःच कोटिंग केलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी, जून महिन्यात. व्हिडिओ बघून. पत्र्यावर थोडा गंज दिसत होता, त्यावर ब्रश फिरवला, फडक्याने पुसलं आणि वरून डब्यातला काळा रबरासारखा पेंट फासला. दोन तासांत काम फत्ते, चकाचक फ्लोअर. गाडीला आता काही होत नाही, अशा थाटात आम्ही पावसाळाभर हिंडलो.

उद्यमनगरातल्या ज्या मिस्त्रींकडे गाडी नेली, ते फ्लोअरकडे बघून एवढंच म्हणाले, "पोरानू, पत्र्याला रंग मारायचा सोडून तुम्ही गंजाला मारलाय व्हय?"

चूक इथेच होती. गंज म्हणजे काय, हे आपण शाळेत शिकलोय. लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन. पण एक गोष्ट लक्षात राहत नाही. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणजे कोटिंगच्या खाली ओलसर गंज राहिला, तर तो फुगतो, वरचा थर उचलतो, आणि त्या पोकळीत पुन्हा पाणी शिरतं. कोटिंग नसतं तर पाणी निदान वाळलं तरी असतं. आमच्या झाकणाखाली ते आरामात मुक्काम करून होतं. गाडी समुद्राच्या वाळूत घालणाऱ्यांचं तर विचारूच नका. मीठ मिसळलं की हे सगळं आणखी वेगाने होतं.

"जाऊ दे ना, फ्लोअरच तर आहे, मॅटखाली कोण बघतंय" असं तुम्हाला वाटत असेल तर एकदा सीटखाली वाका. सीट कुठे बोल्टने आवळलीय? सीट बेल्टचं खालचं टोक कुठे अडकवलंय? बऱ्याच गाड्यांत याच पत्र्याला. आमच्या त्या भोकापासून सीटचा बोल्ट जेमतेम वीतभर लांब होता. पत्रा सडला तर बेल्ट कितीही घट्ट लावा, तो धरणार कशाला? मिस्त्रींनी हे सांगितलं तेव्हा दादा पहिल्यांदा गप्प बसला. त्या सीटवर त्याने आत्यालाही बसवून नेलं होतं.

मग डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही रीतसर काम केलं. चार दिवस लागले. त्यातले तीन दिवस कोटिंगचा डबा उघडलासुद्धा नाही.

आधी सीट काढल्या, बेल्ट सोडले, मॅट आणि तिच्याखालचा जाड फेल्ट बाहेर. तो फेल्ट पिळला तर पाणी निघालं. डिसेंबरमध्ये! पत्र्यावर आवाज कमी करायला डांबरासारख्या पट्ट्या चिकटवलेल्या असतात, त्या खरवडून काढाव्या लागतात, कारण गंज लपायची ती आवडती जागा. हे काम इतकं कंटाळवाणं आहे की मी मध्येच पुण्याला परत जायचा विचार करत होते. मग ग्राइंडरला वायर ब्रश लावून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासायचं. डोळ्यांना गॉगल पाहिजेच, ब्रशच्या तारा सुटून उडतात. घासता घासता हातोडीने टकटक करत जायचं. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. आमच्याकडे तीन जागा भद्द वाजल्या. तिथला पत्रा मिस्त्रींनी कापला आणि नवं ठिगळ वेल्डिंगने लावलं. हे मात्र घरी करायचं धाडस करू नका. फ्लोअरच्या खालून वायरिंग जातं, डिझेलचे पाइप जातात. बॅटरी सोडणं, पाइप बाजूला घेणं, ठिणगी कुठे पडतेय ते बघणं हा सरावाचा भाग आहे. आणि भोकावर लांबी भरून देतो म्हणणारा कुणी भेटला तर गाडी तिथून काढा. लांबीने भोक दिसेनासं होतं, पत्रा मजबूत होत नाही.

ब्रश पोचत नाही अशा खाचांत रस्ट कन्व्हर्टर लावलं. त्यात बहुधा फॉस्फोरिक किंवा टॅनिक ॲसिड असतं, ते उरलेल्या पातळ गंजाशी रिॲक्शन करून त्याचा टिकाऊ थर करतं. पण पापुद्रे धरलेल्या जाड गंजावर त्याची जादू चालत नाही. उघड्या पत्र्यावर मग इपॉक्सी प्रायमर. जिथे जुना रंग शाबूत होता तिथे 120 नंबरच्या पॉलिश पेपरने चमक घालवली. गुळगुळीत पृष्ठभागावर कोटिंगला धरायला काही मिळत नाही. शेवटी थिनरच्या फडक्याने पुसून काढलं, कारण बोटाचा तेलकट ठसासुद्धा नडतो.

आणि मग तो डबा. आपल्याकडे अंडरकोटिंग म्हणून गाडीच्या खाली जे डांबरी काळं मारतात, ते आत वापरू नका. उन्हात मऊ पडतं, वास जात नाही. आतल्या फ्लोअरसाठी बेडलायनर मिळतं. हे मूळचं पिकअपच्या हौद्यासाठी निघालेलं पॉलियुरेथेन. दोन भागांत येतं, लायनर आणि हार्डनर. डब्यावर लिहिलेल्या मापाने मिसळायचं, अंदाजपंचे नाही, आणि मिसळल्यावर साधारण तासाभरात संपवायचं. सुकल्यावर संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत, चिवट थर होतो. बूट घसरत नाहीत, खडे खडखडत नाहीत.

आता जूनमधली चूक का मोठी होती ते ऐका. या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्यांना पाणी भेटलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि थरात बुडबुडे येतात. आमचा जूनचा पेंट या जातीचा नव्हता, पण दमट हवेत कुठलंच कोटिंग नीट बसत नाही. पेंट उद्योगात साधा नियम आहे, हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली पाहिजे आणि पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा निदान 3 अंश जास्त पाहिजे. आपल्याकडे त्याचा सरळ अर्थ, दिवाळी ते होळी. तेसुद्धा सकाळचं दव उडून गेल्यावर.

तेच आयसोसायनेट फुप्फुसांनाही सोडत नाहीत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या दम्याचं हे जगभर ओळखलं गेलेलं कारण आहे, आणि एकदा शरीराने त्याची धास्ती घेतली की पुढे अगदी थोडा संपर्कही त्रास देतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा एन-95 ही वाफ अडवत नाही. गनने फवारायचं असेल तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो, म्हणजे ते काम सोय असलेल्या गॅरेजचंच. आम्ही रोलरने लावलं. त्यात धुरळा उडत नाही, तरी चारही बाजूंनी उघड्या जागेत, ऑरगॅनिक वाफेचं कार्ट्रिज असलेला मास्क आणि हातमोजे घालूनच. गल्लीतली पोरं बघायला जमली होती, त्यांना आत्याने हाकललं.

दोन हात दिले, मध्ये तासाभराचं अंतर. पाणी जाण्याची भोकं आणि बोल्टची भोकं आधी टेपने झाकली. एक सोडून. उजव्या सीटचं मागचं भोक राहिलं, त्यात लायनर जाऊन सुकलं आणि सीट बसवताना तो बोल्ट काही केल्या फिरेना. शेवटी मिस्त्रींकडून आटे पुन्हा पाडून आणले. ते तेव्हा काहीच बोलले नाहीत, नुसते हसले.

पाणी जाण्याच्या भोकांचं महत्त्व यंदाच्या पावसात कळलं. 2020 च्या नव्या थारला धुता येणारा फ्लोअर आणि पाणी काढायचे प्लग कंपनीच देते. पण जुन्या गाडीतली भोकं चिखलाने बुजली असतील तर कोटिंग कितीही भारी असो, वर तळं साचणारच. आता दादा ट्रिपवरून आला की मॅट बाहेर काढतो, पाइपने फ्लोअर धुतो, प्लग काढतो. लाल पाणी भळाभळा खाली जातं. फेल्ट त्याने परत घातलाच नाही. गाडीचा आवाज थोडा वाढलाय, पण त्याची तक्रार नाही.

गेल्या आठवड्यात पूर्ण फ्लोअर तपासला. ठिगळं शाबूत आहेत, सीटचे चारही बोल्ट घट्ट. फक्त मागच्या डाव्या कोपऱ्यात हरभऱ्याएवढा एक फुगा आलाय. तिथे चौथ्या दिवशी संध्याकाळी अंधार पडत होता आणि घासायचं मी "बास झालं" म्हणून सोडलं होतं. शनिवारी कोल्हापूरला जातेय, तेवढा कोपरा खरवडायला.