गवा अंगावर का येतो?

डिसेंबर 2021 मध्ये गवा कोल्हापूरच्या वेशीपर्यंत आला. पंचगंगेकाठच्या शिवारात बघ्यांची झुंबड उडाली. भुयेवाडीजवळ गव्याच्या हल्ल्यात एका तरुणाचा जीव गेला. राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात हेच जनावर माणसाची चाहूल लागली की बहुधा झाडीत नाहीसं होतं. मग शिवारात ते मारकं का होतं?

धोका जाणवताच काही सेकंदांत अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरतं. काळजाचे ठोके वाढतात, स्नायूंकडे रक्त धावतं. मागोमाग, काही मिनिटांत, अधिवृक्क ग्रंथींमधून कॉर्टिसॉल पाझरू लागतं. ही तयारी पळण्यासाठी असते, तशीच झुंजण्यासाठीही. वाट मोकळी असेल तर गवा पळेल. मोबाइल उंचावलेल्या गर्दीने तीच अडवली, तर टनभर वजनाचं ते धूड दुसरं काय करणार?

बिथरलेलं जनावर चटकन शांत का होत नाही, याचा एक धागा नेदरलँड्सचे मेनो क्रुक आणि सहकारी यांच्या 2004 मधल्या संशोधनात सापडतो. उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये हल्ल्याला चालना देणारा भाग असतो. तो विजेने चेतवला, तेव्हा समोर प्रतिस्पर्धी नसतानाही रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढलं. तेच संप्रेरक टोचल्यावर कमी विजेतही उंदीर हल्ला करू लागले. ताणाने आक्रमकता चढते आणि आक्रमकतेने पुन्हा ताण. गव्यावर असा प्रयोग कोणी करणार नाही म्हणा. पण ताणाची ही संप्रेरकं सस्तन प्राण्यांत मोठ्या प्रमाणात सारखी आहेत. अर्थात ताण म्हणजे नेहमी हल्लाच असंही नाही. सतत मार खाणारी, दबलेली जनावरं उलट निमूट होतात.

या ताणाची किंमत गवाही मोजतो. 9 डिसेंबर 2020 रोजी पुण्यात कोथरूडला शिरलेला गवा पाठलागानंतर पकडला गेला आणि मेला. जिवाच्या आकांताने धावणाऱ्या जनावराचं अंग तापतं, लॅक्टिक आम्ल साठतं, स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यातून सुटलेलं मायोग्लोबिन मूत्रपिंडं निकामी करू शकतं. पशुवैद्यक याला कॅप्चर मायोपथी म्हणतात. भुलीचं इंजेक्शन अचूक लागलं तरी हा धोका टळत नाही, कारण नुकसान आधीच्या धावपळीत झालेलं असतं.

म्हणून उसात गवा दिसला तर वनखात्याला कळवा. फटाके, आरडाओरडा नको, कुत्री सोडू नका. जंगलाकडची बाजू मोकळी ठेवा आणि अंधार पडेपर्यंत थांबा. व्हिडिओ काढायला तर मुळीच जाऊ नका.