तलवार सगळ्यात शेवटी घ्यावी

दिल्लीचा तालकटोरा मराठी माणसाला दोन निमित्तांनी ठाऊक असतो. 1737च्या मार्चमध्ये थोरले बाजीराव दिल्लीवर चालून गेले, तेव्हा मोगलांशी त्यांची गाठ याच भागात पडली. आणि फेब्रुवारी 2025मध्ये अठ्ठ्याण्णवावं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तालकटोरा स्टेडियममध्ये भरलं. मधल्या काळात, जुलै 2022मध्ये, त्या स्टेडियममध्ये पुन्हा एकदा तलवारी आल्या होत्या. खेलो इंडियाची महिला तलवारबाजी लीग तिथे झाली. जुलै म्हणजे दिल्लीत दमट हवेचा कहर, आणि दमट हवा हा या खेळाच्या सामानाचा उघड वैरी आहे.

तलवारबाजीच्या मोठ्या स्पर्धेत खेळाडूची पहिली गाठ प्रतिस्पर्ध्याशी पडत नाही, तपासणीच्या टेबलाशी पडते. तिथे मास्कच्या जाळीवर एक टोकदार हत्यार दाबून बघतात. लामे, म्हणजे धातूच्या धाग्यांचं वरचं जॅकेट, जागोजागी चाचपून त्यातून वीज नीट वाहते का हे मोजतात. तलवार यंत्राला जोडणाऱ्या बॉडी कॉर्डच्या वायरीचा रोध एक ओहमच्या वर गेला की ती बाद. पास झालेल्या वस्तूवर खूण केली जाते. त्या खुणेशिवाय मैदानात, म्हणजे चौदा मीटर लांबीच्या पिस्टवर, पाऊल ठेवता येत नाही. वर्षभर मेहनत केलेली मुलगी या टेबलापुढे जीव मुठीत धरून उभी असते, आणि तिचं भवितव्य आदल्या रात्री घरी लामे कसं वाळत घातलं होतं यावर ठरत असतं.

कारण आजच्या खेळातली तलवार, मग ती इपी असो, फॉइल असो की सेबर, हे मुळात विजेचं उपकरण आहे. इपीचं टोक दारावरच्या बेलच्या बटणासारखं दाबलं जातं, मंडल पूर्ण होतं आणि दिवा लागतो. फॉइलमध्ये उलटं: मंडल आधीच पूर्ण असतं, टोक दाबलं की ते तुटतं. या फरकामुळे बिघाडही वेगळा दिसतो. इपीची वायर तुटली तर कितीही टोचा, दिवा लागत नाही. फॉइलची वायर तुटली तर कुणी हात लावला नसताना पांढरा दिवा पेटत राहतो. सेबरला टोकाचं बटण नाही, पात्यात वायर नाही. अख्खं पातंच विजेचं वाहक, त्यामुळे शस्त्र म्हणून सांभाळायला सगळ्यात सोपं. त्याची भरपाई कपडे करतात: सेबरचं लामे बाह्यांसकट, मास्क आणि हातमोज्याची मनगटावरची पट्टीही वाहक असावी लागते.

नव्या पालकांची खरेदी मात्र तलवारीपासून सुरू होते. गुरुग्राम, नोएडाच्या शाळांत हा खेळ आला तसे हे पालकही वाढले. मुलाला चमकतं पातं हवं असतं, बापालाही मनातून तेच हवं असतं. माझं मत विचाराल तर तलवार सगळ्यात शेवटी घ्यावी. पहिले काही महिने क्लबची घासलेली तलवार उत्तम चालते. क्लबचा घामट हातमोजा मात्र चालत नाही. तेव्हा आधी हातमोजा, मग मास्क, मग जॅकेटच्या आत घालायचं प्लास्ट्रॉन, मग जॅकेट आणि ब्रीचेस, म्हणजे गुडघ्यापर्यंतची विजार. मुलींना छातीचं कडक कवच लागतंच. पातं त्यानंतर.

हातमोजा मनगटाशी संपणारा नको. त्याने कोपरापर्यंतचा निम्मा हात झाकला पाहिजे, नाहीतर समोरच्याचं पातं बाहीत शिरतं. मास्क घालून हनुवटी खाली-वर करावी, मान झटकावी. तो हलला तर एक नंबर लहान घ्यावा. "मूल वाढेल" म्हणून एक नंबर मोठा मास्क घेणं हा शुद्ध धोका आहे. जॅकेट थोडं सैल चालतं, पण तिथेही वाढत्या वयाची गोम आहे. पवित्र्यात उभं राहिल्यावर जॅकेटने ब्रीचेसला किमान दहा सेंटीमीटर झाकलं पाहिजे. गेल्या वर्षीचं जॅकेट अंगात बसतं, तेवढी लांबी मात्र उरत नाही, आणि पंच परत पाठवतात. डावखुऱ्या मुलाला डावखुरं जॅकेटच हवं, कारण बंद शस्त्राच्या हाताच्या विरुद्ध बाजूला असावा लागतो.

लेबलवरचा न्यूटनचा आकडा ही खरेदीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ. 350 न्यूटन म्हणजे साधारण छत्तीस किलो वजनाइतक्या जोराला कापड पुरं पडतं. 800 न्यूटन म्हणजे एक्क्याऐंशी-ब्याऐंशी किलो. आंतरराष्ट्रीय महासंघ एफआयईच्या स्पर्धांना जॅकेट आणि प्लास्ट्रॉन दोन्ही 800चे लागतात, मास्कची गळपट्टी 1600ची. गल्लीतल्या सरावाला एवढं लागत नाही. परदेशी बनावटीचा पूर्ण एफआयई संच लाखाच्या आसपास सहज जातो. म्हणून स्पर्धेचं पत्रक आधी वाचावं आणि मग पैसे काढावेत.

या आकड्यांच्या मागे एक मृत्यू आहे. 1980च्या मॉस्को ऑलिम्पिकचा फॉइल विजेता व्लादिमीर स्मिर्नोव्ह 1982मध्ये रोमच्या जागतिक स्पर्धेत पश्चिम जर्मनीच्या माथियास बेरशी खेळत होता. बेरचं पातं मोडलं आणि मोडकं टोक मास्कची जाळी फोडून डोळ्यातून मेंदूत गेलं. काही दिवसांनी स्मिर्नोव्ह गेला. बेरची चूक नव्हती. जाळी, कापड आणि पोलाद यांचे नियम त्यानंतर कडक झाले. फॉइल आणि इपीसाठी मॅरेजिंग पोलादाची पाती आली: निकेल भरपूर, कार्बन जवळजवळ नाही. साध्या पोलादापेक्षा त्यात तडा खूप हळू पसरतो. हे पोलाद "बोथट मोडतं" असं क्लबांत छातीठोक सांगतात, त्यावर विसंबू नये. मोडलेलं पातं कुठलंही असो, धारदारच असतं. आणि मॅरेजिंग म्हणजे स्टेनलेस नव्हे, ते गंजतं.

पैशाची अडचण असताना काय करता येतं, हे चेन्नईच्या भवानीदेवीने दाखवलं. सेबर खेळणाऱ्या या मुलीने सुरुवातीची वर्षं बांबूच्या काठ्यांवर सराव केला आणि विजेची तलवार फक्त स्पर्धेसाठी राखून ठेवली. टोकियो ऑलिम्पिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. तिथे पहिली लढत 15-3 अशी जिंकली. 2023मध्ये चीनमधल्या वूशीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत ब्राँझ मिळवलं, तेही जगज्जेत्या मिसाकी एमुराला हरवून. बांबूची गोष्ट मुलाखतींत कौतुकाने सांगितली जाते, पण तिच्यातला व्यवहार कुणी सांगत नाही. पातं हे वापरून संपवायची वस्तू आहे. रोजच्या सरावात चांगली पाती झिजवायची नसतात.

आता घाम. दिल्लीत एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत खेळाडूचं सगळं सामान घामात भिजतं. सराव संपला की मुलं ओलं जॅकेट, ओला हातमोजा मास्कमध्ये कोंबतात, सगळं एकाच बॅगेत, आणि बॅग गाडीच्या डिकीत. आठवड्याभरात मास्कच्या जाळीवर गंज धरतो, गळपट्टी कडक होते आणि लामेवर काळपट-हिरवट डाग उठतात. डाग बहुतेक शस्त्राच्या हाताच्या काखेत आणि पाठीच्या वरच्या भागात. डागाच्या जागी वीज वाहत नाही. फॉइलमध्ये तिथे वार बसला की रंगीत दिव्याऐवजी पांढरा लागतो, म्हणजे समोरच्याचा गुण बुडतो. तपासणीच्या टेबलावर लामेची एवढी उलटतपासणी होते ती म्हणूनच.

लामे पिळायचं नाही, मशीनमध्ये टाकायचं नाही, घडीही घालायची नाही. कोमट पाण्यात थोडी सौम्य पावडर, हलक्या हाताने बुडवून वर काढायचं, स्वच्छ पाण्यातून दोनदा, आणि रुंद हँगरवर टांगायचं. पांढऱ्या जॅकेटला ब्लीच अजिबात नको. केव्हलारसारखे धागे त्याने कमजोर होतात. उन्हानेही होतात. दिल्लीच्या जूनमध्ये गच्चीवर दोन तासांत कपडा खडखडीत वाळतो, हा मोह टाळून सावलीतच वाळवावा.

इपीच्या गार्डवरचा, म्हणजे मुठीपुढच्या हात झाकणाऱ्या वाटीवरचा, गंज तर थेट गुण घालवतो. गार्ड स्वच्छ असेल तर त्यावर बसलेला वार यंत्र ओळखतं आणि दिवा लावत नाही. गंजलेल्या गार्डवर प्रतिस्पर्ध्याचं टोक आदळलं तर दिवा लागतो, गुण त्याचा. बारीक सँडपेपरने गार्ड घासणं हे पाच मिनिटांचं काम, शनिवारी रात्री करावं. खंडेनवमीला पात्याला ओलं गंध लावणाऱ्या दिल्लीकर मराठी घरांना एक विनंती: पूजा झाली की त्याच संध्याकाळी कोरडं पुसा.

दुरुस्तीचं सामान दिल्लीत मिळवायला परदेशी कॅटलॉग लागत नाही. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये मल्टिमीटर, सोल्डर आणि बारीक स्क्रूड्रायव्हर मिळतात. मल्टिमीटर हे पालकाने घेतलेलं सगळ्यात उपयोगी शस्त्र. बॉडी कॉर्डची एकेक वायर त्याने मोजली की निम्मे गूढ बिघाड सुटतात. इपीच्या टोकाचे दोन स्क्रू इतके इवले असतात की सतरंजीवर पडले की गेले. पांढऱ्या थाळीत उघडावं.

नवी वायर बसवणं हे अधिक निगुतीचं. जुना डिंक अॅसिटोनने काढायचा, पात्याची खाच कोरडी करायची, वायर टोकाकडून गार्डकडे आणायची आणि डिंक वाळेपर्यंत पातं किंचित वाकवून बांधून ठेवायचं. त्यामुळे वायर खाचेच्या तळाला बसते. सरळ पात्यात वाळवलेली वायर पहिल्याच जोरदार वारात वर उचलली जाते आणि समोरच्याचं पातं ती कापतं. मग फॉइलच्या टोकाकडच्या पंधरा सेंटीमीटरला इन्सुलेशन टेप. हे काम अकरा-बारा वर्षांचं मूल शिकू शकतं, शिकवावंच.

झुंजीआधी पंच इपीच्या टोकावर 750 ग्रॅमचं वजन ठेवतात. आतल्या स्प्रिंगने ते उचललं पाहिजे. फॉइलला 500 ग्रॅम. मग इपीला दीड आणि अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या घालून बटणाचा प्रवास बघतात. वजन उचललं गेलं नाही तर पिवळं कार्ड. पिस्टवर एकच चालू तलवार किंवा एकच बॉडी कॉर्ड घेऊन आलं तरी पिवळं कार्डच. म्हणून बजेट दोन्हीच्या जोडीचं धरावं. मुठी महागड्या घेऊ नयेत, पिस्तुली मूठ हाताच्या मापाची असली म्हणजे झालं.

पातं वाकलं की चपलेखाली दाबून हळूहळू सरळ करतात. इपीला एक सेंटीमीटरपेक्षा जास्त बाक चालत नाही. तीक्ष्ण कोन पडला असेल, किंवा पृष्ठभागावर नखाला लागणारी चीर असेल, तर ते पातं सरावालाही वापरू नये. मूठ, गार्ड, आतली गादी आणि सॉकेट काढून नव्या पात्यावर चढवायचं. जुनं पातं कचऱ्याच्या पिशवीत नुसतं टाकू नये. टोक कापडाने गुंडाळून, टेप लावून, भंगारवाल्याच्या हातात सांगून द्यावं.